पुणे ते लेह, ईकोत झोपून

व्हॅनमधल्या बिछान्याचे फोटो दाखवले की पुढचे प्रश्न ठरलेले. प्लाय किती जाडीचा, गादी कुठे शिवली, पंखा कशावर चालतो. सगळं खाली सांगते. पण जानेवारी ते सप्टेंबर २०२४ आम्ही दोघं नवराबायको ज्या प्रश्नाशी झटत होतो, तो सहसा कुणी विचारत नाही. रात्री गाडी लावायची कुठे? आणि त्याला जोडूनच, सकाळी उठून जायचं कुठे? वीज, पाणी आणि न्हाणीघर असलेले कॅम्पिंगचे तळ आपल्या हायवेवर ओळीने मांडलेले नाहीत. या प्रश्नाचं उत्तर ठरलं की बिछाना केवढा, सामान किती, रोज किती किलोमीटर, हे सगळं त्याच्या मागे येतं. म्हणून तोच धागा धरून लिहिते आहे.

गाडी जानेवारीत घेतली. २०२१ ची पेट्रोल मारुती ईको व्हॅन, पाच सीटर, ओळखीतल्या एका केटरिंगवाल्यांकडून, साडेतीन लाखांत. तयार कॅम्पर भाड्याने घेण्याचा विचार आधी झाला होता. पण तीन आठवड्यांचं भाडं मांडून पाहिलं आणि वही मिटली. शिवाय लडाखमध्ये बाहेरून भाड्याने आणलेल्या गाड्यांना तिथल्या टॅक्सी युनियनचा कडक विरोध आहे, अडवाअडवी होते. पांढरी पाटी आणि आरसीवर आपलं नाव असलं की ती कटकटच नाही.

आरसीवर आपलं नाव यायला मात्र एप्रिल उजाडला. गाडीवर कर्ज होतं. ते फिटलेलं असलं तरी बोजा नोंदीत तसाच होता. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ यातच तीन आठवडे गेले. मग मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३०, त्यावर विकणाऱ्यांच्या सह्या, परिवहनच्या साइटवर अर्ज, फी भरणे, कागद जमा करणे. एजंटने चार हजार सांगितले होते. आम्ही स्वतः केलं, दोन चकरा पडल्या आणि खर्च हजाराच्या आसपास आला. विकणाऱ्यांच्या सह्या मोकळ्या फॉर्मवर एकेक जादा घेऊन ठेवा. सही जुळत नाही म्हणून अर्ज परत आला तर माणूस पुन्हा गाठावा लागतो, आणि लग्नसराईत केटरर गाठणं म्हणजे काय ते मी सांगायला नको.

आरसी आल्यावर विमा नावावर, आणि मग फास्टॅग. इथे नवी गंमत होती. १ एप्रिल २०२४ पासून एका गाडीला एकच फास्टॅग हा नियम लागू झाला. जुन्या मालकांच्या नावाचा टॅग त्यांनी स्वतः बँकेला कळवून बंद केल्याशिवाय आपला नवा चालू होत नाही. जुनी गाडी घेणाऱ्यांनी हे व्यवहाराच्या दिवशीच समोर बसून उरकून घ्यावं. पैसे मोजून झाल्यावर समोरच्याला आपल्या टॅगची आठवण राहत नाही.

नवऱ्याचं लायसन्सही त्याच उन्हाळ्यात संपत होतं. चाळिशीनंतर नूतनीकरणाला डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म १अ लागतो. डॉक्टरांकडे जायचंच होतं, तर दोघांचा बीपी, ईसीजी, रक्त, सगळं तेव्हाच करून घेतलं. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे आणि आम्ही दोघंही पन्नाशी ओलांडलेले.

कागद फिरत होते तोवर आतल्या कामाचा विचार सुरू केला. नाना पेठेतल्या एका मेकॅनिकने दोन मिनिटांत उपाय सांगितला: मागची सीट काढून टाका, खाली पत्रा वेल्ड करा, वर कॅरियर, बाजूला खिडकी कापू. सगळे पंचवीस हजार. आमच्या सोसायटीत एक निवृत्त मोटार वाहन निरीक्षक राहतात. संध्याकाळी खाली भेटले तेव्हा त्यांना विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, आरसीवर पाच सीट लिहिल्यात ना? मग पाच दिसल्या पाहिजेत. आणि पत्र्याला कटर लावू नका." मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यांनी तिथेच समजावलं. नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय गाडीत मूळ रचनेपासून वेगळा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही यावर कडक निकाल दिला आहे. पोलिसांच्या दंडापेक्षा मला विम्याची भीती जास्त वाटली. अपघात झाला आणि सर्वेअरने 'गाडीत अनधिकृत बदल' असं लिहिलं तर बोलायला तोंड उरत नाही.

म्हणून आमच्या गाडीत खिळाही ठोकलेला नाही. बिछाना हे सामान आहे, गाडीचा भाग नाही. टिंबर मार्केटमधून १२ एमएमचा प्लाय आणला, सुताराने त्याचे तीन तुकडे करून बिजागऱ्यांनी जोडले. मागच्या सीटची पाठ जितकी झोपते तितकी झोपवायची आणि तिच्या वर येतील एवढ्या उंचीच्या घडीच्या लोखंडी घोड्यांवर प्लाय टाकायचा. प्रवासात सगळं रॅचेटच्या पट्ट्याने आवळून ठेवतो. वर चार इंची फोम, तोही तीन तुकड्यांत. प्लाय, घोड्या आणि मजुरी मिळून साडेनऊ हजार, फोम आणि खोळी बेचाळीसशे. तोटा एकच. बिछान्यावर ताठ बसलं की डोकं छताला लागतं. पण बसायला बाहेर खुर्च्या आहेत. बिछान्याखाली भाजीवाले वापरतात ते प्लॅस्टिकचे क्रेट: एकात स्वयंपाक, एकात कपडे, एकात गाडीची हत्यारं, आणि एक जो मागचं दार उघडल्या उघडल्या हाताला लागला पाहिजे. त्याबद्दल पुढे.

पहिली रात्र सोसायटीच्या पार्किंगमध्ये काढली. वॉचमनला आधी सांगितलं होतं, तरी रात्री दोनला दुसऱ्या पाळीच्या वॉचमनने काचेवर टॉर्च मारलाच. एप्रिलच्या उकाड्यात तासाभरात कळलं की काच उघडी हवी आणि उघडी काच म्हणजे डास. मच्छरदाणीच्या कापडाला कडेने चुंबकाच्या पट्ट्या शिवून घेतल्या. पत्र्याला नुसती चिकटवायची, काढायची. बारा व्होल्टचे दोन छोटे पंखे आणि गाडी चालताना चार्ज होणारं एक लिथियमचं पॉवर स्टेशन, हा सगळ्यात मोठा खर्च, एकोणीस हजार. मे महिन्यात भंडारदऱ्याला एक रात्र, जुलैत भर पावसात महाबळेश्वरला एक. महाबळेश्वरची फार उपयोगी पडली. बंद गाडीत दोन माणसांच्या श्वासाने पहाटेपर्यंत आतून पाणी ठिबकायला लागतं, पांघरुणं ओली होतात. पाऊस असो, थंडी असो, दोन्ही बाजूंची काच बोटभर उघडी ठेवायचीच. काचेवर रेनगार्ड बसवून घेतले की पाणी आत येत नाही.

आता तो शेवटचा क्रेट. बायकांनी हा परिच्छेद नीट वाचावा, पुरुषांनीही वाचायला हरकत नाही. हायवेवरच्या ढाब्यावर संडास आहे का हा प्रश्न नसतो, त्याला कडी आहे का हा असतो. आमच्याकडे झाकणाची वीस लिटरची बादली, तिच्यावर बसणारी सीट, आत कुजणारी पिशवी आणि पोतंभर लाकडाचा भुसा आहे. भुसा त्याच टिंबर मार्केटमधून, फुकट. दोन मुठी भुसा टाकला की वास येत नाही. पिशवी गाठ मारून घट्ट डब्यात ठेवायची आणि जिथे कचरा खरंच उचलला जातो अशा गावात टाकायची, नदीकाठी नाही. गाडीच्या मागच्या दाराला अडकवायचा एक तंबूच्या कापडाचा आडोसा पंधराशेला शिवून घेतला. रोज लागला असं नाही. पण तो आहे म्हटल्यावर मी पाणी प्यायला घाबरत नव्हते, आणि उंचावर पाणी न पिणं महागात पडतं.

स्टोव्हचंही सांगून टाकते. कॅम्पिंगचे बुटेनचे डबे पुण्यात छान चालतात. बुटेनचा वायू व्हायला शून्य अंशाच्या आसपासचं तापमान लागतं, त्यामुळे गारठ्यात ज्योत मरगळते. आम्ही इंडियन ऑइलचा पाच किलोचा 'छोटू' सिलिंडर घेतला. नुसत्या ओळखपत्रावर मिळतो आणि वाटेत बदलूनही मिळतो. चालत्या गाडीत तो उभा बांधलेला असतो आणि स्वयंपाक कायम गाडीच्या बाहेर, कितीही थंडी असली तरी. छोटा कुकर अगदी हवाच. लेहला पाणी नव्वदच्या आतच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजायची वाट बघत बसलात तर उपवास घडेल.

गाडी लावायच्या जागांसाठी जूनपासून मी एक वही केली. पुणे, नाशिक, धुळे, सेंधवा, इंदूर, गुना, ग्वाल्हेर, आग्रा असा जुना आग्रा रोड, मग पलवलला ईस्टर्न पेरिफेरल एक्सप्रेसवे पकडून दिल्लीला बाहेरूनच टाटा, कुंडलीला बाहेर पडून अंबाला आणि पुढे पंजाब. या वाटेवर दर दीडशे किलोमीटरला एक जागा शोधली. तीन प्रकार ठरवले होते: मोठे पेट्रोल पंप, गुरुद्वारे, आणि काहीच जमलं नाही तर खोली. खोलीचे पैसे आधीच हिशेबात धरले होते, त्यामुळे रात्री हट्टाने नको तिथे थांबायची पाळी आली नाही. पंपांपैकी कंपनी स्वतः चालवते ते, किंवा ट्रकवाल्यांसाठी बांधलेले, उदाहरणार्थ भारत पेट्रोलियमचे 'घर', हे उत्तम. तिथे आवार मोठं, रात्रभर माणसं, अंघोळीची सोय. मी वहीतल्या बऱ्याच पंपांना आधी फोन केले. निम्म्यांना माझं म्हणणंच कळलं नाही. "गाडीत झोपणार? दोघं? मग हॉटेल का नाही?" जे हसून "आ जाइए" म्हणाले त्यांच्यापुढे मी तारा काढला.

पंपावर लावायचीही रीत आहे, ती आम्ही वाटेतच शिकलो. संध्याकाळी सहा-सातला, उजेड असताना पोचायचं. आधी पेट्रोल भरायचं, मग मॅनेजरला विचारायचं. गुन्याजवळच्या पंपावरचे मॅनेजर स्वतः केबिनमधून बाहेर आले, वर बोट दाखवून म्हणाले, "माताजी, कैमरे के नीचे लगाइए, और मुँह सड़क की तरफ।" तोंड रस्त्याकडे, म्हणजे रात्री काही वाटलं तर मागेपुढे न करता सरळ निघता येतं. ट्रकच्या शेजारी लावायला हरकत नाही, पण फळं-दुधाचे रेफ्रिजरेटेड ट्रक ओळखायला शिका. त्यांचं कूलिंगचं मशीन रात्रभर धडधडतं. हवा भरायच्या जागेपासूनही लांब. तिथे पहाटे चारला रांग लागते.

तारखांनी मात्र घोळ घातला. जून-जुलै आम्ही आधीच खोडला होता. अमरनाथ यात्रेच्या काळात जम्मू-श्रीनगर रस्त्यावर ताफ्यांच्या वेळा आणि बंधनं असतात. म्हणून सप्टेंबर, गणपती झाल्यावर. अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला होती, पुण्यात मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालते, म्हणून निघायचं १९ ला. सासूबाई म्हणाल्या, "पितृपक्षात निघताय?" शिवाय सासऱ्यांची तिथी मधेच येत होती. दिरांनी ती आपल्याकडे घेतली, "दसऱ्याला घरी या म्हणजे झालं," म्हणाले, आणि विषय मिटला. दसरा १२ ऑक्टोबरला होता, म्हणजे परतीची तारीखही ठरली.

तेवढ्यात १६ ऑगस्टला जम्मू-काश्मीर विधानसभेच्या तारखा जाहीर झाल्या: १८ सप्टेंबर, २५ सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर. आमच्या वहीप्रमाणे आम्ही २५ ला बरोबर श्रीनगरात. त्याच दिवशी श्रीनगर आणि गांदरबलला मतदान, म्हणजे सोनमर्गकडचा रस्ताही त्यातच. सगळं उलटं करून मनालीमार्गे वर जावं असं नवऱ्याचं मत पडलं. मी नको म्हटलं. श्रीनगर, कारगिल, लेह ही चढण हळूहळू आहे: कारगिल सत्तावीसशे मीटरच्या आत, वाटेतली सगळ्यात उंच खिंड फोटु ला ४,१०८ मीटर. मनालीकडून गेलं तर दुसऱ्याच दिवशी पाच हजार मीटरच्या खिंडी येतात. शरीराला सवय होऊन मग त्या उतरताना लागलेल्या बऱ्या. शेवटी पठाणकोटला एक जादा दिवस घालून २६ ते ३० सप्टेंबर या मधल्या फटीतून जायचं ठरलं. आणि काश्मीरमध्ये गाडीत झोपायचं नाही, हे माझं कलम. बंदोबस्ताच्या दिवसांत रस्त्याकडेला परराज्याची गाडी, आत माणसं, त्यांना आणि आपल्याला दोघांनाही उगाच घोर. तिथे खोल्याच घेतल्या.

निवडणुकीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. आचारसंहिता असते तिथे पन्नास हजारांवर रोख जवळ असली तर कागद दाखवावे लागतात. आम्ही दोघांत मिळून तीस हजार ठेवले आणि बाकी यूपीआय. सिमकार्डचं आधीच करून ठेवा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही. मी माझा नंबर निघण्याआधी दोन आठवडे पोस्टपेड करून घेतला. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. नवऱ्याला सल्फाची ॲलर्जी, त्याला डॉक्टरांनी सरळ नाही सांगितलं आणि लेहमध्ये पहिले दोन दिवस नुसतं पडून राहण्याचा सल्ला दिला.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सर्व्हिसिंग, चार नवे टायर, कूलंट, बॅटरी, ब्रेक पॅड. टायर पंधरा हजार, बाकी साडेसहा हजार. पीयूसी नव्याने काढली. आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स डिजिलॉकरमध्ये असूनही प्रत्येकाच्या झेरॉक्सचे तीन-तीन संच केले. घाटात नेटवर्क नसतं आणि नाक्यावरच्या जवानाला फोन चाळत बसायला वेळ नसतो.

१९ ला पहाटे निघालो. पहिली रात्र शिरपूरजवळ, दुसरी गुना, तिसरी मथुरेच्या पुढे. मैदानी भागात उकाडा अजून होता, पंखे रात्रभर चालले. चंबळचा पूल ओलांडला तेव्हा नवरा गाडीतल्या गाडीत डाकूंच्या गोष्टी सांगत होता, मला पुढचा तारा कुठे आहे याची काळजी. २२ ला आनंदपूर साहिबला पोचलो. गुरुद्वाऱ्याच्या सरायमध्ये खोल्या भरल्या होत्या, तरी सेवादारांनी ओळखपत्र पाहून पार्किंगमध्ये झोपायला परवानगी दिली. "भैणजी, पहले लंगर छक लो," हे आधी, गाडीचं नंतर. डोकं झाकायला रुमाल हवा, तंबाखू-दारू आवारात नाही. दोन रात्री राहिलो, लंगरात चपात्या लाटल्या. पैसे कुणी मागत नाही, पेटीत आपल्या मनाने टाकायचे. संडास इतके स्वच्छ की माझी बादली ओशाळली.

पठाणकोटला २५ तारीख घालवली, २६ ला जम्मू पार करून बटोतच्या अलीकडे खोली. चेनानी-नाशरीचा नऊ किलोमीटरचा आणि बनिहाल-काझीगुंडचा साडेआठ किलोमीटरचा, या दोन बोगद्यांमुळे या रस्त्याचा पूर्वीचा धाक बराच कमी झाला आहे. रामबनचा पट्टा तेवढा अजून जीव खातो. नाक्यांवर चौकशी झाली ती साधीच: कुठून, कुठे, आत काय. मागचं दार उघडलं की बिछाना बघून जवान हसायचे. एकाने प्लाय ठोकून पाहिला आणि "घर में बोलूँगा" म्हणाला. सोनमर्गच्या पुढच्या झोजिला खिंडीसाठी वाहतूक पोलिसांची सूचना आदल्या रात्री बघायची, कुठल्या बाजूने केव्हा सोडणार ते त्यात असतं. आम्ही सोनमर्गहून सकाळच्या खेपेत निघालो. चिखल, धूळ, एका बाजूला दरी आणि समोरून लष्कराचे ट्रक. ईको पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये निमूट चढली. मी एकदाही खाली बघितलं नाही.

३० ला लेह. एका होमस्टेच्या अंगणात गाडी लावली, रात्रीचे तीनशे रुपये, न्हाणीघर वापरायला मोकळं. पहिले दोन दिवस खरोखर पडून राहिलो. मला डोकेदुखी, नवऱ्याला भूक नाही, तिसऱ्या दिवशी दोघंही ठीक. नुब्राला ईको न नेता स्थानिक टॅक्सीने गेलो. वाटेतली खारदुंग ला ही खिंड ईकोकडून करून घ्यायची हौस नव्हती. तरी बाहेरच्या पर्यटकांना लागणारं पर्यावरण शुल्क ऑनलाइन भरून पावती छापून न्यावी लागते. हे आदल्या संध्याकाळी उरका, सकाळी सहाला लेहमधलं नेट मिळेलच असं नाही.

परतीचं मनालीपर्यंतचं नियोजन पेट्रोलवर उभं होतं. मनालीच्या बाजूला टांडीच्या पंपावर पाटी होती, पुढचा पंप ३६५ किलोमीटर. लेहकडून येताना शेवटचा पंप कारूला, म्हणजे तीसेक किलोमीटर वाचतात, तरी घाटातलं ॲव्हरेज धरलं तर हिशेब अंगावर येतो. पंपवाले प्लॅस्टिकच्या डब्यात देत नाहीत. पुण्यातूनच दहा लिटरचा लोखंडी जेरीकॅन नेला होता, तो कारूला भरला. ऑक्टोबरात वाटेतल्या सरचूचे मुक्कामाचे तंबू उठायला लागलेले असतात आणि तसंही सव्वाचार हजार मीटरच्या आसपास गाडीत झोपायची माझी तयारी नव्हती. म्हणून ६ ऑक्टोबरला पहाटे साडेचारला निघून त्याच दिवशी जिस्पा गाठायचं ठरवलं. तांगलांग लाच्या चढावर, ५,३०० मीटरवर, इंजिनाची ताकद निम्मी झाल्यासारखी वाटते. पहिला गिअर, एसी-हीटर बंद, आणि मागून येणाऱ्यांना हात दाखवून पुढे जाऊ देणे. मोरेच्या पठारावर सकाळचं ऊन आलं तेव्हा थांबून चहा केला. त्या दिवसातला तेवढाच लांब थांबा. जिस्पाला पोचेस्तोवर अंधार पडला होता. जेरीकॅनमधलं निम्मं पेट्रोल लागलं. रात्री नदीकाठच्या एका कॅम्पच्या आवारात झोपलो, मालकांनी दोनशे रुपये आणि आमच्याकडची बाकरवडी घेतली. स्लीपिंग बॅगवर रजई घेऊनही पहाटे पाय गार होते. बोटभर काच उघडीच होती.

पुढे अटल बोगदा, मनाली, मंडी आणि पुन्हा आनंदपूर साहिब. ८ ला हरियाणा ओलांडला, त्या दिवशी तिथला निकाल. टोलनाक्यांवर ढोल, ट्रॅक्टर आणि लाडूंची खोकी, त्यातले दोन आमच्याही वाट्याला आले. ११ ला रात्री घरी.

खर्च सांगते. सुमारे सव्वापाच हजार किलोमीटर, पेट्रोल साडेसदतीस हजार, टोल नऊ हजारांच्या वर, खोल्या आणि अंगणं मिळून अकरा हजार, खाणं-किराणा चौदा, नुब्राची टॅक्सी आणि शुल्कं साडेनऊ. पेट्रोल महाराष्ट्र-मध्य प्रदेशात महाग आणि हरियाणा-पंजाबात स्वस्त, म्हणून टाकी आग्र्याच्या पुढे भरली. बिछाना, पंखे, टायर हा वरचा खर्च वेगळा, पण तो पुढेही वापरात येणार आहे. आम्ही गेलो तेव्हा फास्टॅगचा वार्षिक पास नव्हता. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी गाड्यांना दोनशे टोल किंवा एक वर्ष अशी सोय आहे, राष्ट्रीय महामार्गांवर; सुरू झाली तेव्हा तीन हजारांत होती. एवढ्या लांब जाणार असाल तर जाण्या-येण्यातच वसूल होतो. राज्याच्या रस्त्यांवर, म्हणजे आपला पुणे-मुंबई एक्सप्रेसवे किंवा समृद्धी, तो चालत नाही, त्यासाठी खात्यात वेगळी शिल्लक ठेवा.

जूनमध्ये जाणाऱ्यांसाठी माझी वही अर्धीच उपयोगाची आहे. तेव्हा मैदानात गाडीत झोपणं अशक्य, ग्वाल्हेर-आग्र्याला रात्रीही पत्रा तापलेला असतो. तिथे खोल्या धरा आणि व्हॅनची हौस पंजाबच्या पुढे भागवा. पंप आणि अंगणांची यादी मागाल त्यांना पाठवीन, पण जायच्या आधी एकदा फोन करा. मॅनेजर बदलतात.